आर्णीचा कूलर आणि वाफेचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत, अरुणावतीच्या काठावर, मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की घराघरात एक काम ठरलेलं असतं: कूलरमध्ये पाणी भरणं. मोठ्या खोलीला पुरेल असा लोखंडी कूलर भर दुपारी तासाला जवळपास बादलीभर पाणी संपवतो. टाकी गळत नाही, खाली थारोळं साचत नाही, तरी पाणी जातं. ते वाफ होऊन हवेत जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाण्याची वाफ करायची तर उष्णता लागते, आणि कूलरखाली कोणी चूल पेटवलेली नसते. मग ती उष्णता येते कुठून, आणि किती येते? या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या गुणाकार-भागाकारात देता येतं. ते आकडे हाती आले की गॅस, पाणी आणि बर्फ यांच्याबद्दलचे आपले काही पक्के समज बदलतात, म्हणून हा हिशेब एकदा सावकाश करून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू, कारण तिथे आग डोळ्यांना दिसते.

पातेल्यात एक लिटर पाणी घ्या. त्याचं वजन एक किलो. उन्हाळ्यात माठाबाहेरचं पाणी साधारण ३० अंश सेल्सिअसचं असतं असं धरू. हे सगळं पाणी वाफ करून उडवायचं असेल तर किती उष्णता लागेल? इथे दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. पहिलं काम पाणी उकळीपर्यंत नेण्याचं. एक किलो पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. हीच पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. ३० पासून १०० पर्यंत ७० अंश चढायचे आहेत. म्हणून १ × ४.१९ × ७०, म्हणजे सुमारे २९३ किलोज्यूल.

दुसरं काम १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करण्याचं. उकळत्या पाण्यात तापमापी धरली तर खाली गॅस कितीही मोठा केला तरी पारा तिथेच थांबलेला दिसतो. आत शिरणारी उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, आणि पाण्यात ही पकड इतर बऱ्याच द्रवांपेक्षा जास्त घट्ट असते. ती सोडवून एकेक रेणू मोकळा करण्यात ही उष्णता खर्ची पडते. तापमापीवर न दिसणाऱ्या या खर्चाला दहावीच्या विज्ञानात ‘अप्रकट उष्मा’ म्हटलं आहे. १०० अंशांच्या पाण्यासाठी तो किलोमागे २२५७ किलोज्यूल आहे. जुन्या एककात सांगायचं तर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी.

दोन्ही मिळून २५५० किलोज्यूल. यात तापवण्याचा वाटा २९३ आणि वाफ करण्याचा २२५७, म्हणजे जवळजवळ आठपट. मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. पाणी तापवणं स्वस्त आहे, पाणी उडवणं महाग आहे. पुढचं सगळं यातूनच निघतं.

यवतमाळ जिल्हा समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंच असल्यामुळे तिथे पाणी नेमकं १०० अंशांवर नव्हे, अंश-दीड अंश आधीच उकळतं. आपल्या हिशेबात त्यामुळे एक टक्क्याचाही फरक पडत नाही, म्हणून मी १०० च धरतो.

हा आठपटीचा फरक पहिल्यांदा मोजला तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकात. त्यांची युक्ती अगदी साधी होती. आग एकसारखी ठेवली तर भांड्यात दर मिनिटाला सारखीच उष्णता जाणार. मग पाणी उकळायला लागलेला वेळ आणि तेच पाणी पूर्ण उडायला लागलेला वेळ यांची तुलना केली की उष्णतेची तुलना आपोआप होते. त्यांचे आकडे आजच्या इतके अचूक नव्हते, पण विचार पक्का होता. याच ग्लासगोत उपकरणं बनवणारे जेम्स वॉट यांना वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे वाया जाते हे शोधताना या विचाराचा उपयोग झाला. शाळेतल्या मुलांना आजही हा प्रयोग घरी करता येईल. अर्धा लिटर पाणी एकसारख्या ज्योतीवर ठेवायचं, उकळी यायला किती मिनिटं लागली ते लिहायचं, आणि नंतर पातेलं कोरडं न पाडता ठरावीक वेळाने किती पाणी उरलं ते मोजायचं. भांड्याच्या बाजूंनी उष्णता निसटते, म्हणून उत्तर पुस्तकातल्यासारखं नेमकं येणार नाही; पण उडवण्याचं काम तापवण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे हे घड्याळच सांगेल.

आता हे गॅसच्या भाषेत आणू. एक किलो एलपीजी जळला की सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीने त्यातली किमान ६८ टक्के भांड्यात पोचवली पाहिजे. म्हणजे किलोमागे हाती येतात सुमारे ३१,३०० किलोज्यूल. एक लिटर पाणी नुसतं उकळीला आणायला त्यातून ९ ते १० ग्रॅम गॅस लागतो. तेच पाणी पूर्ण उडवायला ८० ग्रॅमच्या वर.

डाळ, भाजी, चहा उघड्या भांड्यात खळखळ उकळत ठेवण्याची सवय इथे महाग पडते. एकदा उकळी आली की आतलं तापमान वाढत नाही, म्हणून मोठ्या ज्योतीवर डाळ लवकर शिजत नाही. फक्त वाफ जास्त निघते. रोजच्या स्वयंपाकात अशी पाव लिटर वाफ जादा गेली तर त्यामागे ५६४ किलोज्यूल, म्हणजे १८ ग्रॅम गॅस गेला. महिन्याचा हिशेब अर्ध्या किलोच्या वर जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला हा अर्धा किलो झाकण ठेवून आणि ज्योत बारीक करून वाचतो.

विद्यार्थ्यांची गणितं चुकतात ती बहुतेक दोन ठिकाणी. एक, उकळीपर्यंतचा टप्पा विसरून नुसता अप्रकट उष्मा धरला जातो. दोन, एककांची सरमिसळ होते. कॅलरी आणि ज्यूल, ग्रॅम आणि किलो यांतलं एकच काहीतरी शेवटपर्यंत धरून चालावं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हाच आकडा मोलमागे दिलेला असतो: पाण्यासाठी ४०.६५ किलोज्यूल. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम, आणि एक किलोत असे साडेपंचावन्न मोल बसतात. ५५.५ ला ४०.६५ ने गुणा, पुन्हा २२५७ च्या जवळच याल. दोन पुस्तकं दोन आकडे देत असली तरी गोष्ट एकच आहे.

द्रव बदलला की आकडा बदलतो. इथेनॉल, म्हणजे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, ७८ अंशांवर उकळतं आणि त्याचा अप्रकट उष्मा किलोमागे सुमारे ८४० किलोज्यूल आहे. ३० अंशांपासून धरलं तर एक किलो इथेनॉल उडवायला साडेनऊशेच्या आसपास किलोज्यूल पुरतात. पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी हातावर सॅनिटायझर घेतलं की पाण्यापेक्षा जास्त गार लागतं, ते का? कारण ते फार झपाट्याने उडतं. ग्रॅममागे उष्णता कमी घेतं, पण त्या मिनिटभरात उडालेले ग्रॅम जास्त असतात. एकूण किती उष्णता लागणार आणि ती किती वेगाने घेतली जाणार, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

वेगाचा हा मुद्दा महामार्गावरच्या ढाब्यावरही दिसतो. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आर्णीवरून जातो. अशा रस्त्यावरच्या ढाब्यात किंवा लग्नाच्या स्वयंपाकात मोठी शेगडी सतत पेटलेली असली की सिलिंडरच्या खालच्या भागावर दव जमतं, कधी पांढरं बर्फही धरतं. आतला गॅस द्रवरूपात असतो आणि शेगडीकडे जाण्याआधी त्याची वाफ व्हावी लागते. त्यासाठी किलोमागे ३५० ते ४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती लोखंडी भिंतीतून आणि बाहेरच्या हवेतून ओढली जाते. तासाला एक किलो गॅस जळत असेल तर सिलिंडर सुमारे १०० वॉट वेगाने गार होत असतो. थंडीत हवेतून तेवढी उष्णता पोचत नाही आणि ज्योत मंदावते. सिलिंडर रिकामा झाला असं तेव्हा वाटतं, पण आत गॅस असतो. अशा वेळी त्याच्याजवळ विस्तव नेणं जिवावर बेतू शकतं. दुसरा सिलिंडर जोडून भार वाटून देणं हाच मार्ग.

आता पुन्हा कूलरकडे. इथे पाणी उकळत नाही, तरी उडतं. पृष्ठभागावरचे जे रेणू जरा जास्त वेगात असतात ते कुठल्याही तापमानाला निसटतात. वाळत घातलेलं धोतरही असंच सुकतं. मग १०० अंशांचा २२५७ हा आकडा इथे चालेल का? नेमका नाही. थंड पाण्यातले रेणू जास्त घट्ट धरलेले असतात, म्हणून कमी तापमानाला अप्रकट उष्मा थोडा जास्त असतो. तक्त्यात ३० अंशांसाठी तो २४३० किलोज्यूल दिलेला असतो. तक्ता हाताशी नसेल तर तो काढताही येतो. ३० अंशांचं पाणी आधी १०० पर्यंत तापवलं असं समजा: २९३. तिथे त्याची वाफ केली: २२५७. मग ती वाफ परत ३० अंशांपर्यंत गार केली. वाफेला अंशामागे सुमारे १.९ किलोज्यूल लागतात, म्हणून ७० अंशांचे १३३ परत मिळाले. २९३ अधिक २२५७ वजा १३३, म्हणजे २४१७. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा अर्धा टक्का कमी, एवढंच. सुरुवात आणि शेवट तोच असेल तर मधला रस्ता कुठलाही घ्या, उष्णतेचा हिशेब जुळतो.

कूलरमध्ये पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून ओघळतं, आणि पंखा बाहेरची तापलेली, कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. पाण्याला वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हीच हवा देते. उष्णता देऊन हवा स्वतः गार होते. कूलरमागची चूल म्हणजे विदर्भाचं ऊन.

किती गार होते? याला एक तळ आहे. तापमापीच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की ती जो आकडा दाखवते, त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवामान वेधशाळेत कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमाप्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात त्या यासाठीच. कूलर कितीही चांगला असला तरी या तापमानाच्या खाली हवा नेऊ शकत नाही. मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचं तापमान साधारण २२ येतं. मधलं अंतर २१ अंशांचं. चांगल्या ओल्या ताट्या त्यातलं पाऊण अंतर कापतात असं धरलं तर हवा १६ अंशांनी उतरून २७ वर येते.

आता बादलीचा हिशेब. कूलर तासाला २००० घनमीटर हवा फेकतो असं धरू. उन्हाळ्यातल्या घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.१ किलो, म्हणून हवा झाली २२०० किलो. एक किलो हवा एक अंशाने गार होताना सुमारे एक किलोज्यूल उष्णता सोडते. २२०० × १६, म्हणजे ३५,२०० किलोज्यूल. ही सगळी उष्णता पाण्याने वाफ होण्यासाठी घेतली. ३५,२०० ला २४३० ने भागा: साडेचौदा. तासाला साडेचौदा लिटर पाणी. बादली रिकामी होते ती इथे.

एका तासात ३५,२०० किलोज्यूल म्हणजे ९.८ किलोवॉट. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता काढतो. पंखा आणि पंप मिळून दोन-अडीचशे वॉट वीज खाणारा कूलर पावणेतीन टनांच्या एसीइतकी उष्णता हवेतून काढतो आहे. मात्र हा आकडा पाहून कूलर एसीपेक्षा सरस म्हणणं अन्यायाचं होईल. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. कूलर बाहेरची ४३ अंशांची हवा घेतो आणि त्याची बरीचशी ताकद तिला खोलीच्या पातळीला आणण्यातच जाते. आत आलेली २७ अंशांची हवा खोलीतली उष्णता घेऊन ३२ वर बाहेर पडत असेल तर खोलीच्या वाट्याला आलेला गारवा २२०० × ५, म्हणजे तासाला ११,००० किलोज्यूल, सुमारे तीन किलोवॉट. दोन-अडीचशे वॉटच्या खर्चात हेही फार मोठं काम आहे. त्यासाठी हवा बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. दारं-खिडक्या लावून घेतल्या की तीच ओली हवा खोलीत फिरत राहते, ओल्या फुग्याचं तापमान चढत जातं आणि ताट्यांवरचं पाणी उडायचं थांबतं.

कूलरच्या टाकीत बर्फ टाकणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. पाच किलो बर्फ वितळायला किलोमागे ३३४ प्रमाणे १६७० किलोज्यूल, आणि त्याचं पाणी २२ अंशांवर यायला आणखी ४६० लागतात. एकूण २१३०. एक लिटर पाणी उडताना याहून जास्त उष्णता घेतं! पाच किलो बर्फाने साधलेला गारवा कूलर एरवी चार मिनिटांत देतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेलं आहे म्हणून कूलर काम करणार नाही, हीही भीती अशीच फोल आहे. ४० अंशांचं पाणी २२ वर आणायला किलोमागे ७५ किलोज्यूल काढावे लागतात; २४३० च्या पुढे ते तीन टक्के. बर्फाचे पैसे नव्या ताट्यांवर खर्च करावेत.

खरा खर्च पाण्याचा आहे. दहा तास चाललेला असा कूलर १४५ लिटर पाणी उडवतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका कूलरमागे अडीच माणसांचं पाणी. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ही गोष्ट बोलून दाखवायला हवी. रात्री बाहेरची हवा उतरल्यावर पंप बंद करून नुसता पंखा ठेवणं, आणि रिकाम्या खोलीतला कूलर बंद करणं, एवढं तरी प्रत्येकाला जमतं.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब कोलमडतो. ऑगस्टमध्ये ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की ओल्या फुग्याचं तापमान २८ येतं. मधलं अंतर तीनच अंशांचं. कूलर त्यातले जेमतेम सव्वादोन अंश कापतो आणि वर खोलीत दमटपणा भरतो.

माणसाचं शरीरही याच नियमाने चालतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. पण वाळला तरच. अंगावरून ठिबकून मातीत पडलेला घाम काहीच नेत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. कोरड्या मे महिन्यात शेतात काम करणाऱ्याचा घाम दिसण्याआधीच उडून जातो, म्हणून आपलं किती पाणी गेलं हे त्याला कळत नाही. घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी पिणं हे उन्हाळ्यातलं सर्वांत धोक्याचं गणित आहे.

शेततळ्याचा हिशेबही असाच निघतो. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असतं. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. भर उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं असं धरलं तर ९००० लिटर गेलं. त्यासाठी लागलेली उष्णता दोन कोटी अठरा लाख किलोज्यूलच्या वर, विजेच्या भाषेत सहा हजार युनिटच्या आसपास. एवढं एका दिवसात, एका तळ्यातून. ही उष्णता कुठली? चौरस मीटरमागे सेंटीमीटरभर पाणी उडवायला २४,३०० किलोज्यूल लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला पडणारं ऊन जवळजवळ तेवढंच असतं. उन्हाचा काही भाग पाणी परत फेकतं, त्याची भरपाई वाहता गरम वारा करतो. म्हणून तळ्याचं पाणी वाचवायचं तर या दोघांनाच अडवावं लागतं: पृष्ठभागावर सावली किंवा आच्छादन, आणि वाऱ्याच्या बाजूला झाडांची ओळ. तितक्याच पाण्यासाठी रुंद उथळ तळ्यापेक्षा खोल तळं बरं, कारण उष्णता पृष्ठभागातून आत येते.

या उन्हाळ्यात वाचकांनी घरच्या कूलरचा एक आकडा स्वतः काढून पाहावा. दुपारी टाकी खुणेपर्यंत भरा, तासाभराने प्लग काढून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती लिटर लागलं ते मोजा, आणि त्याला ६७५ ने गुणा. कारण तासाला एक लिटर म्हणजे २४३० किलोज्यूल भागिले ३६०० सेकंद, अर्थात ६७५ वॉट. आलेलं उत्तर म्हणजे तुमचा कूलर हवेतून किती वॉट उष्णता काढतो आहे. बाहेर कडक, कोरडं ऊन असून आणि पंखा जोरात असूनही मोठ्या कूलरचं हे उत्तर चार-पाच हजारांच्या खाली आलं, तर ताट्या बदला.